कारागिराजवळ बसताना

आमच्या अमरावतीच्या राजापेठेतून कुणी सहलीला निघालं की यादीत देवळं, धबधबे आणि खरेदी असते. मी त्यात एक गोष्ट वाढवते: तिथली एखादी वस्तू किंवा मिठाई स्वतःच्या हाताने करून पाहणं. त्यातून जे उमगलं ते असं.

१. पाहुण्याच्या हाती कामाचा शेवटचा टप्पा येतो. जपानमधल्या क्योतोत नेरिकिरी नावाची मिठाई शिकायला बसले तेव्हा रंगीत गोळे समोर तयारच होते. तळहातावर पारी करायची, सारण भरायचं, त्रिकोणी लाकडी दांडीने पाकळ्या उमटवायच्या. तासाभरात फूल झालं. मी विचारलं, हे गोळे कसे केले? मग शिकवणाऱ्यांनी आतलं स्वयंपाकघर दाखवलं. पांढरा घेवडा भिजवून शिजवायचा, सालं काढायची, गर पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन निथळायचा, फडक्यात घट्ट पिळायचा आणि साखर घालून आटवायचा. पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत कढईपाशी थांबणाऱ्या बाईला त्यातले कष्ट सांगावे लागत नाहीत. त्या दिवशी मी खरं शिकले ते त्या कढईजवळ.

२. म्हणून "याआधी काय काय झालं?" हे विचाराच. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा भागात निळीत रुमाल रंगवता येतो. पिंपातून हिरवट निघालेलं कापड वारा लागताच निळं होत जातं, मुलं हरखतात. पण त्यासाठी निळीची वाळलेली पानं पाणी शिंपडून, खालीवर करून सुमारे १०० दिवस कुजवतात, मग राखेच्या निवळीत आंबवतात. हे कळल्यावर रुमालाच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

३. एका सहलीत एकच कला. दोन-तीन ठिकाणी धावलात तर फक्त फोटो मिळतील.

४. जपानला जाणं सगळ्यांना जमत नाही, मेळघाट मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे गेलं की लवादा लागतं. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथल्या बांबूच्या राख्या दूरवर जातात. राखी गुंफणं त्या मानाने सोपं, कामटी म्हणजे बांबूची पातळ पट्टी काढणं अवघड. कोरकू बाया बोलता बोलता कामटी सोलतात आणि तिची जाडी कुठेही बदलत नाही. शिवाय बांबू तोडण्याचाही काळ असतो: पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून तोड हिवाळ्यात. हे ज्ञान पुस्तकी शिक्षणापेक्षा कमी प्रतीचं मानणं मला अन्यायाचं वाटतं.

५. कला टिकते ती तिला आसरा देणारं कुणी असलं तर. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा ही पत्त्यांची कला पुन्हा उभी राहिली ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात, प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. मत्स्यावताराचं एकच पान रेखाटायचा प्रयत्न करा, उरलेल्या पानांचं मोल आपोआप समजेल.

या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मॉलऐवजी धारणीच्या वाटेला न्या. जाण्याआधी विचारून घ्या, आणि शिकवणी कितीही छोटी असो, कच्च्या मालापासूनचं काम दाखवायला सांगा.