पावसाळा आणि घरचें कुत्रें-मांजर

शेतकऱ्याच्या घरीं कुत्रें व मांजर हीं शोभेकरितां नसतात, कामाकरितां असतात. कुत्रें गोठ्याची व खळ्याची राखण करतें. मांजर कणगींतील धान्य उंदरांपासून वांचवितें. असें असूनही बैलाचें पोट फुगलें तर रात्रींच्या रात्रीं धांवपळ करणारा मनुष्य, कुत्र्यानें दोन दिवस भाकरीस तोंड लावलें नाहीं तर "आपोआप बरें होईल" म्हणून स्वस्थ बसतो. ही उपेक्षा कोठें महाग पडते, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

उदाहरणें मुंबईच्या उपनगरांतील घेतलीं आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सर्व मुलूख जुन्या साष्टी बेटाचा. एके काळीं येथें भाताचीं खाचरें होतीं. खाचरें जाऊन वस्ती आली; परंतु पाऊस, चिखल, सखल जमीन आणि उंदीर हीं कायमच राहिलीं. त्यामुळें तेथील अनुभव कोंकणांतील भातशेतकऱ्यासही लागू पडतो.

पावसाळ्यांतील रोगांत पहिला मान लेप्टोस्पायरोसिस या रोगास द्यावा लागतो. याचा सूक्ष्म जंतु मळसूत्रासारखा वळलेला असून तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडांत वास करतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाहीं. मात्र त्याच्या मूत्रावाटें जंतु सतत बाहेर पडत राहतात. कडक उन्हांत व कोरड्या जागीं ते लवकर मरतात, पण साचलेल्या पाण्यांत व ओल्या मातींत कित्येक आठवडे टिकतात. अशा पाण्यांतून कुत्रें गेलें किंवा तें पाणी प्यालें, म्हणजे पायाच्या जखमेंतून, डोळ्यांतून, नाकातोंडांतून जंतु शरीरांत शिरतात. मनुष्यासही तो याच वाटांनीं होतो. सन २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीचें पाणी घराघरांत शिरलें, आणि पूर ओसरल्यावर या तापाची मोठी सांथ मुंबईंत आली. खाचरांत अनवाणी लावणी करणाऱ्या लोकांसही तो होतो, हें सिंधुदुर्गाकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको.

कुत्र्यास लागण झाल्यापासून साधारणतः चार ते बारा दिवसांत लक्षणें दिसतात. ताप येतो, खाणें सुटतें, ओकाऱ्या होतात, मागचे पाय दुखून उठतांना जनावर कण्हतें. तहान वाढते, लघवी प्रथम पुष्कळ व पुढें फारच थोडी होते. हिरड्या व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो आणि लघवीस चहासारखा रंग येतो. पिवळेपणा दिसण्यापूर्वींच उपचार सुरू झाला तर जनावर वांचण्याची आशा पुष्कळ असते.

घाटकोपर येथें एका परिचिताच्या घरीं मीं हा रोग पाहिला. नाल्याचें पाणी अंगणांत येऊन गेल्यावर आठव्या दिवशीं कुत्रा पडला. डोळे पिवळे पाहून घरच्यांनीं कावीळ ठरविली व झाडपाल्याचा रस तीन दिवस पाजला. चौथ्या दिवशीं डॉक्टरास आणलें, तेव्हां मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं. कुत्रा गेला. त्याचें मूत्र घरचा चौदा वर्षांचा मुलगा उघड्या हातांनीं पुसत असे; त्यास पुढील आठवड्यांत ताप भरला. सुदैवानें त्याच्या आईनें दवाखान्यांत पहिल्याच दिवशीं कुत्र्याची हकीकत सांगितली, आणि मुलगा बरा झाला. ती हकीकत सांगितली नसती, तर साधा ताप म्हणून किती दिवस गेले असते कोण जाणे!

उपचार पशुवैद्यानेंच करावयाचा आहे. प्रथम पेनिसिलिन वर्गाचें औषध व शिरेवाटें पाणी, नंतर मूत्रपिंडांतील जंतु नाहींसे करण्याकरितां सुमारें दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन, असा सामान्य क्रम असतो. बरें झालेलें कुत्रें कांहीं काळ मूत्रावाटें जंतु टाकूं शकतें. म्हणून त्याची जागा साफ करतांना रबरी हातमोजे घालावे व जमीन जंतुनाशकानें धुवावी. या रोगावर लस आहे. दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानें दोन मात्रा, व पुढें दरवर्षीं एक. ती मे महिन्यांतच टोंचून घ्यावी. पाऊस लागल्यावर टोंचणें म्हणजे पूर आल्यावर बांध घालणें होय. जंतूच्या सर्व जाती लशींत येत नाहींत, म्हणून लस दिली तरी उंदरांचा बंदोबस्त चुकत नाहीं. कुत्र्याचें उरलेलें अन्न रात्रीं उघडें ठेवणें हें उंदरांस आमंत्रणच आहे. गाई-म्हशींसही हा रोग होऊन त्या गाभडतात व दूध आटतें, याची तबेलेवाल्यांनीं नोंद घ्यावी.

दुसरा उपद्रव गोचिडीचा. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली म्हणजे अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते. केवळ अंगावरच्या गोचिडी वेंचून कार्य होत नाहीं तें यामुळें. फटी लिंपाव्या व निजण्याची जागा औषधानें फवारावी. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनीं चिरडूं नये, व कुत्र्याच्या अंगास रॉकेल लावूं नये. तिच्या चाव्यानें येणाऱ्या तापांत हिरड्या पांढऱ्या पडतात व कधीं नाकांतून रक्त येतें. तेव्हां रक्ततपासणीवांचून औषध देऊं नये.

मांजराविषयीं एकच गोष्ट, पण ती विसरूं नये. परमेथ्रिन असलेलें गोचिडीचें औषध कुत्र्यास चालतें, मांजरास विष होतें. त्याचप्रमाणें माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. दयेपोटीं दिलेल्या गोळीनें मेलेलीं मांजरें पशुवैद्यांस नेहमीं पाहावीं लागतात.

लहान पिलांचा रक्ती हगवणीचा पार्व्हो रोग लशीनें टळतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें मात्रा द्याव्या. एकच देऊन थांबूं नये. याचा विषाणु मातींत अनेक महिने जगतो, म्हणून पिलूं मेलेल्या जागीं नवें पिलूं लगेच आणूं नये.

पिसाळण्याचा रोग सर्वांस माहीत आहे, तरी चावल्यावर हळद, चुना किंवा मिरची भरण्याची चाल अद्याप गेली नाहीं. जखम वाहत्या पाण्यांत साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. जखमेंतून रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेंत प्रतिद्रव्याचें इंजेक्शनही लागतें. कुत्रें जिवंत राहतें कीं मरतें हें पाहण्याकरितां लस लांबणीवर टाकूं नये. आणखी एक: कुत्र्याचा किंवा गाईचा जबडा लोंबूं लागला, लाळ गळूं लागली व गिळतां येईनासें झालें, तर घशांत हाड किंवा कणीस अडकलें असें समजून मालक हात घालतो. तो हात घालूं नये. जनावर वेगळें बांधून पशुवैद्यास बोलवावें, आणि अगोदरच हात घातला गेला असेल तर तें त्यास व आपल्या डॉक्टरास न लाजतां सांगावें.