पावर स्टीअरिंगचा पाईप गळतोय? पैसे देण्याआधी हे वाचा

जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, टवेरा किंवा क्वालिसखाली पुढच्या बाजूला लालसर, तेलकट डाग पडतोय, वळवताना घरघर येतेय आणि स्टीअरिंग जड लागतंय? मग पावर स्टीअरिंगचं ऑइल गळतंय. ऑइल जुनं असेल तर डाग तपकिरी किंवा काळपट दिसेल. वॅगनआर, आय-टेन, स्विफ्टसारख्या गाड्यांत स्टीअरिंग इलेक्ट्रिक असतं. त्यात ऑइलही नसतं आणि पाईपही नसतो. अशा गाडीच्या बिलात ‘स्टीअरिंग ऑइल’ दिसलं तर ते तिथल्या तिथे काढायला लावा.

गळती नेमकी कुठून आहे हे ठरल्याशिवाय भावाचं बोलणं करू नका. सगळा खर्च यावरच ठरतो. इंजिन थंड असताना पंप, दोन्ही पाईप आणि त्यांचे जोड पुसून कोरडे करून घ्या, गाडी थोडी चालवा आणि परत बघा. चालू इंजिनवर पाईपवरून हात फिरवू नका. प्रेशर पाईपच्या बारीक छिद्रातून येणारी धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघा. ऑइल पाईपवर किंवा जोडावर दिसलं तर काम हजारांत आटोपतं. स्टीअरिंग रॅकच्या टोकाचा रबरी बूट दाबल्यावर आत ऑइल लागलं तर रॅकचं सील गेलंय. पाईप बदलून ती गळती थांबणार नाही. उलट फक्त पाईप ओला असताना कोणी रॅक उतरवायला सांगत असेल, तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.

पाईप दोन असतात. ऑइलच्या टाकीकडे परत येणारा रिटर्न पाईप कमी दाबाचा. त्याचं रबर कडक होतं किंवा क्लिप सैल पडते. ऑइलला चालणारा होज, दोन नव्या क्लिपा, ऑइल आणि मजुरी मिळून ढोबळमानाने १,००० ते १,८०० रुपये, वेळ तासभर. इथे पाण्याचा किंवा डिझेलचा पाईप कापून बसवू देऊ नका. गरम ऑइलपुढे तो टिकत नाही आणि लवकरच पुन्हा गळतो.

खरा खर्च प्रेशर पाईपचा. पंपापासून रॅक किंवा स्टीअरिंगच्या गिअर बॉक्सपर्यंत जाणाऱ्या या पाईपमध्ये चाक पूर्ण वळवलं की दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. तयार नवा पाईप मॉडेलनुसार साधारण १,५०० ते ३,५०० रुपयांना येतो. ऑइल, तांब्याचे वॉशर आणि मजुरी धरून २,६०० ते ५,५०० रुपये, वेळ दोन ते तीन तास. जुनेच वॉशर परत बसवणं ही नेहमीची काटकसर आहे आणि गळती परत येण्याचं नेहमीचं कारणही. नवे वॉशर तुमच्यासमोर बसवायला सांगा.

क्वालिससारख्या बंद झालेल्या गाडीचा पाईप शोरूमला मिळाला नाही तर पुण्याच्या नाना पेठेत विचारा. सांगलीकरांना कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ. जाताना आरसीची प्रत, चॅसिस नंबर आणि शक्य असेल तर जुना पाईप घेऊन जा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पाईपची टोकं बदलतात.

तिसरा मार्ग क्रिंपिंगचा. मूळ धातूची टोकं ठेवून मधला रबरी भाग नवा दाबून घ्यायचा. सातारा, कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसी भागात जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रांचे होज बनवणाऱ्यांकडे चौकशी करा. पाईप सुमारे ८०० ते १,५०० रुपयांत होतो. होजवर छापलेला दाब आणि तापमान स्वतः वाचा, लांबी जुन्याइतकीच ठेवा. मूळ पाईप थोडा फुगून दाबाचे हादरे गिळतो. जाड तारेच्या होजने थोडी घरघर राहू शकते, हे आधीच माहीत असू द्या. ऊस हंगामात या दुकानांत गर्दी असते, म्हणून फोन करून जा. प्रेशर पाईपला टेप, एम-सील किंवा क्लिप लावून दिलेली दुरुस्ती मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. खंबाटकी किंवा पसरणी घाटात ते ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर गाडी पेटू शकते, आणि वळणावर स्टीअरिंग अचानक जड होतं.

ऑइल कोणतं ते टाकीच्या झाकणावर किंवा माहिती पुस्तिकेत लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) चालतं, काहींना वेगळं लागतं. लिटरभर ऑइल साधारण ३५० ते ६०० रुपये. ब्रेक ऑइल चुकूनही घालू देऊ नका, सीलं फुगून खराब होतात. ‘गळती थांबवणारी’ बाटली फाटलेल्या पाईपवर चालत नाही, तिचे पैसे वाचवा. रोज ऑइल भरून दिवस ढकलाल तर एखाद्या दिवशी पंप कोरडा चालेल आणि पाईपच्या कितीतरी पट खर्च समोर येईल.

आता बिल. पॅकेटवरच्या एमआरपीत कर धरलेला असतो, त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. सुट्या भागांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. कोणी जुने २८ टक्के लावत असेल तर थांबवा. बिलावर जीएसटी आकारला असेल तर महाराष्ट्रातला नोंदणी क्रमांक २७ ने सुरू झालेला दिसला पाहिजे. नोंदणी नसलेल्या गॅरेजला कर घेता येत नाही. फक्त पाईप बदलला असेल तर व्हील अलाइनमेंटची गरज नाही. रॅक उतरवला असेल तरच आहे. ‘कन्झ्युमेबल्स’ लिहिलं असेल तर काय वापरलं ते विचारा. नवं ऑइल भरल्यावर आतली हवा काढणं कामाचाच भाग आहे, त्याची वेगळी मजुरी देऊ नका. विम्याचं आमिष कोणी दाखवलं तर लक्षात ठेवा, झिजेने गेलेल्या पाईपचा खर्च साध्या मोटर पॉलिसीत मिळत नाही.

काम सुरू होण्याआधी भाग, ऑइल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जुना पाईप परत मागा. गाडी ताब्यात घेताना स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा, टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. टाकीत फेस दिसला तर हवा राहिली आहे. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर जोड आणि पातळी पुन्हा तपासून घ्या, आणि ही तपासणी मजुरीतच धरलेली आहे हे आधी बोलून ठेवा.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद झाला तर आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिल, लिहून घेतलेला अंदाज आणि जुना पाईप तोपर्यंत जपून ठेवा.