रंगापूर्वी भूमी

मागच्या चैत्रात आमच्या घरी कुंभाराकडून नवा माठ आणला. तांबूस रंगाचा आणि बोटाने टिचकी मारली असता खणखणीत वाजणारा. माझ्या पुतणीला त्याच सुमारास वाढदिवसाची भेट म्हणून पेंट मार्करांचा, म्हणजे रंगाने भरलेल्या लेखण्यांचा संच मिळाला होता. माठाचे ते मोकळे, गोलाकार अंग पाहून तिचे हात शिवशिवू लागले. दोन दिवस खपून तिने त्यावर कमळे, वेली आणि पिसारा फुलवलेला एक मोर अशी काही दाटी केली की, बोटभरही जागा कोरी उरली नाही. घरी येणारा प्रत्येक जण तो माठ पाहून तिचे कौतुक करी.

तिसऱ्या दिवशी माझ्या आईने माठ पाण्याने भरून तिवईवर ठेवला. संध्याकाळी पाहतो तो पाणी जवळजवळ भरले तसेच. त्याला गारवा म्हणून नाही. आणखी तीन-चार दिवसांनी मोराच्या मानेवर फोड आला. नखाने टोचताच निळ्या रंगाचा पापुद्राच्या पापुद्रा सुटून हातात आला.

"काका, रंग खोटा निघाला," ती रडवेल्या सुरात म्हणाली.

"रंगाला कशाला दोष देतेस?" आई म्हणाली. "माठाला घाम येतो म्हणून पाणी गार होतं. तू त्याला घामच येऊ दिला नाहीस, मग तो बिचारा काय करणार?"

आईचे हे उत्तर जितके साधे, तितकेच शास्त्रशुद्ध होते. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून माठाच्या बाहेरील अंगावर येते व तेथे त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातूनच घेते. म्हणून आतील पाणी निवते. माझ्या पुतणीने ती छिद्रेच रंगाने बुजवून टाकली होती. झिरपणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट हवी होती. ती न मिळाल्यामुळे त्याने रंगालाच आतून ढकलून वर उचलले. हीच कमळे कोरड्या फुलदाणीवर काढली असती, तर ती वर्षानुवर्षे टिकली असती.

ह्या लेखणीत काय असते, ते आता पाहू. तुमच्या दप्तरातील स्केचपेनमध्ये पाण्यात विरघळलेला रंग असतो. तो कागदात मुरतो. म्हणून काळ्या कागदावर पिवळे स्केचपेन चालवले, तर जवळजवळ काहीच दिसत नाही. पेंट मार्करमधील रंग विरघळलेला नसतो. त्यात रंगद्रव्याचे बारीक कण तरंगत असतात आणि त्यांना धरून ठेवणारा एक बंधक पदार्थ असतो. हा रंग पृष्ठभागावर थर होऊन बसतो. म्हणून काळ्या कागदावरही पांढरी रेघ ठसठशीत उमटते. कण जड असल्यामुळे लेखणी पडून राहिली की ते तळाशी बसतात. टोपण काढण्यापूर्वी लेखणी हलवावी लागते ती याचसाठी. हलवताना आत जी खुळखुळ ऐकू येते, ती रंग ढवळणाऱ्या लहानशा गोळीची. त्यानंतर टोक एखाद्या निरुपयोगी कागदावर हलकेच दाबावे. आतील झडप उघडते आणि रंग टोकापर्यंत उतरतो. हे दाबणे थेट चित्रावर केले, तर रंगाचा भला मोठा ठिपका पडतो. (हे मी अनुभवाने सांगतो.)

अशा लेखण्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पाण्याच्या आधाराने राहणारा अॅक्रिलिक रंग असतो. ओला असेतो तो पाण्याने पुसता येतो. पण पाणी उडून गेले की त्याचे कण एकमेकांस चिकटून अखंड पडदा तयार होतो आणि मग तो पाण्यात विरघळत नाही. दुसऱ्या प्रकारात तेलरंगासारखा रंग असतो. तो अधिक चिवट असतो खरा, पण त्यातील द्रावकाला उग्र वास येतो व ती वाफ श्वासाबरोबर आत जाणे अपायकारक असते. तो वापरायचा झाल्यास वडीलधाऱ्यांच्या देखत, खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा. शाळकरी मुलांना पहिला प्रकार पुरेसा आहे.

परंतु लेखणी कितीही चांगली असली, तरी रंग टिकणे तिच्या एकटीच्या हाती नाही. ज्यावर चित्र काढायचे त्याला आपल्या पूर्वजांनी 'भूमी' असे अर्थपूर्ण नाव दिले आहे. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ह्या अकराव्या शतकातील ग्रंथात चित्रकर्माची आठ अंगे सांगितली आहेत. 'भूमिबंधन', म्हणजे रंग लावण्यापूर्वी पृष्ठभाग सिद्ध करणे, हे त्यांतील एक. शेतकरी जशी पेरणीपूर्वी जमीन पाहतो, तशी चित्रकाराने आपली भूमी पाहावी. ती पाणी पिते का? ती वाकते का? तिच्या अंगावर तेल, धूळ किंवा क्षार आहे का?

काच पाणी पीत नाही. तिच्यावर बोटांचा तेलकट ठसा उमटला असेल, तर रंग तेवढ्याच जागी निसटतो. म्हणून ती साबणाने धुऊन, कोरडी करून, कडांनाच धरून रंगवावी. ज्या पेल्यातून पाणी प्यायचे, त्याच्या आतल्या बाजूस आणि ओठ लागतात त्या काठाला रंग मुळीच लावू नये. लाकडाची गोष्ट उलट. त्याच्या रेषांमधून रंग पाझरतो आणि रेघेच्या कडा फिसकटतात. पॉलिश पेपरने ते घासून, पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर देऊन वाळवले, तर काम सुबक होते. नव्या कापडातील खळ आधी धुऊन काढावी आणि सदऱ्यावर चित्र काढताना आत पुठ्ठा घालावा, नाहीतर मागच्या बाजूवरही तेच चित्र उमटते! समुद्रकाठच्या गोट्यांनी मात्र मला एकदा चांगलेच फसवले. ते दिसायला स्वच्छ असतात, पण त्यांच्या अंगात मीठ मुरलेले असते. पुढे ते मीठ स्फटिकरूपाने वर येते आणि रंगाला सोलून काढते. गोड्या पाण्यात ते काही दिवस बुडवून, पाणी वरचेवर बदलून, मग पूर्ण वाळवावे लागतात. नदीतील गोट्यांना ही खटपट लागत नाही.

भूमी ओळखण्याची कला पाहायची असेल, तर डहाणूकडच्या वारली पाड्यांवर जावे. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात, त्यावर गेरू, आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या लेखणीने तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. माती पाणी पिऊन घेते व पिठाचा कण भिंतीवर धरून राहतो. हे चित्र काही पावसाळ्यांपुरतेच असते, आणि ते पुन्हा काढले जाईल हे सर्वांना ठाऊक असते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच कला कागदावर व कापडावर आणली आणि ती जगभर पोहोचली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते निवर्तले.

अजिंठ्याची भूमी याहून अवघड, कारण ती कठीण काळ्या पाषाणाची. तेथील कारागिरांनी भिंती मुद्दाम खडबडीत ठेवल्या, त्यांवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, वरून चुन्याचा पातळ थर दिला आणि मगच रंगकाम केले. ही चित्रे दीड हजार वर्षांनंतरही आपल्याला पाहायला मिळतात. पण एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर व्हार्निश चढवले. पुढे 1920 च्या सुमारास निजामाच्या राजवटीत इटलीहून तज्ज्ञ आले. त्यांनी सुटणारे गिलावे जागच्या जागी बसवले, पण त्यांनीही लाखेचे रोगण वापरले. हेतू चित्रे वाचवण्याचाच होता. तथापि ते थर कालांतराने पिवळे-तपकिरी पडले, त्यांना तडे गेले आणि त्यांच्याबरोबर मूळ रंगाचे कपचे उडू लागले. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी ते रोगण बोट-बोटभर जागेतून हळूहळू उतरवण्याचे काम हाती घेतले. चढवायला काही दिवस लागले असतील. उतरवायला अनेक वर्षे लागली.

ही हकीकत मी पुतणीला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने न्हाणीत बसून काथ्याने माठ घासायला सुरुवात केली. कमळे सहज निघाली. मोर काही केल्या पुरता निघेना. त्याच्या पिसाऱ्याचे दोन डोळे अजूनही माठाच्या पाठीवर आहेत. संध्याकाळी माठाला घाम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुताराकडून आणलेले माठाचे लाकडी झाकण घेतले, ते पॉलिश पेपरने घासले, पांढरे अस्तर दिले आणि वाळत ठेवून आजीला विचारले, "आजी, ह्याला तर घाम येत नाही ना?"