बारावी आणि विद्यापीठ ह्यांमधील एक वर्ष

दरवर्षी पी. यू. सी. चा निकाल लागला, की आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला हव्या त्या शाखेत प्रवेश मिळत नाही, किंवा मिळतो पण फी झेपत नाही, किंवा प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी असे त्याच्या मनात असते. तर त्याला एक वर्ष थांबवावे काय? आणि थांबवलेच, तर त्या वर्षात "कॉम्प्युटरचा एखादा कोर्स" करून घ्यावा काय? प्रश्न साधा दिसतो; परंतु उत्तर देण्यापूर्वी आम्ही दोनदा विचार करतो. कारण निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या आमच्या भागात थांबलेली वर्षे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतील बरीचशी पुन्हा कधी चालू लागली नाहीत. मुलगा दुकानात बसला तो बसलाच. मुलीचे लग्न ठरले, आणि तिचा अर्ज कपाटात राहिला.

युरोपातील सुखवस्तू घरांतील मुले शाळा संपल्यावर व विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष हौसेने मोकळे ठेवतात, प्रवास करतात, एखादे काम करून पाहतात. आपल्याकडे हे वर्ष बहुधा हौसेने येत नाही, ते अंगावर येऊन पडते. तेव्हा त्याचे सोने कसे करावे ह्यापेक्षा ते मातीत कसे जाऊ देऊ नये, हाच विचार आधी करणे प्राप्त आहे.

आम्ही स्वतः असे वर्ष काढले आहे. १९९८ साली आम्ही पी. यू. सी. उत्तीर्ण झालो. त्याच साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. परंतु ती बातमी वर्तमानपत्रात वाचण्यापलीकडे तिचा आम्हांस काही उपयोग नव्हता. अब्बांची प्रकृती बिघडली होती आणि वर्षभर दुकान आम्ही सांभाळावे असे ठरले. सकाळचा एक तास तेवढा आमच्या हातात होता. त्या तासात आम्ही टायपिंगच्या वर्गाला जात असू. तेथील गुरुजी मोठे कडक. आमच्या बोटांवर ते एक जुना कापडाचा तुकडा टाकीत आणि त्याखाली ए, एस, डी, एफ, जी, एफ अशा ओळींमागून ओळी काढून घेत. बोटे पाहून टाइप करणाराला ते "चोर" म्हणत. त्या वर्षाने आम्हांस दोन वस्तू दिल्या. एक म्हणजे दहा बोटे. आणि दुसरी, रोज ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी जाण्याची सवय. पदवीच्या अभ्यासात दुसरीचाच अधिक उपयोग झाला.

मात्र एक चूकही आमच्या हातून घडली, ती सांगितली पाहिजे. पुढील वर्षाच्या प्रवेशअर्जाची तारीख आम्ही कोठे लिहूनच ठेवली नव्हती. दुकानाच्या गडबडीत ती निघून गेली आणि एका वर्षाची दोन वर्षे झाली. दोष सर्वस्वी आमचाच होता.

टायपिंगचे ते वर्ग आता संगणकावर आले आहेत. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टंकलेखक तयार केला. आता त्याचे उत्पादनही बंद झाले आहे. तरी तो एक तास मात्र कालबाह्य झालेला नाही, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आजच्या मुलांच्या हाती मोबाईल असतो आणि दोन अंगठ्यांनी ती भराभर लिहितात. परंतु विद्यापीठात गेल्यावर अहवाल लिहावयाचा, प्रोग्रॅम लिहावयाचा, प्रयोगशाळेत वेळेत काम पुरे करावयाचे, हे अंगठ्यांनी होत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी प्रोग्रॅमिंग येते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला मुलगा तेथे बुद्धीने कमी पडतो असे नव्हे. तो अक्षर कोठे आहे हे शोधीत असतो, तोवर शेजारच्याचे उत्तर पडद्यावर आलेले असते. मग त्याला वाटते, हा विषय आपला नव्हे. पुष्कळांचे पहिले सत्र ह्या एका गैरसमजात जाते.

आता आमच्या सीमाभागाच्या विशेष सोयीची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या शिक्षक मित्रांसही पुष्कळदा ठाऊक नसते. भारतीय भाषांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची कळफलकाची एक मांडणी आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली ठरविली आणि १९९१ सालच्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिची खुबी अशी, की ती अक्षराच्या आकारावर बसविलेली नसून उच्चारावर बसविलेली आहे. इंग्रजी 'के' च्या कळीवर मराठीत क येतो. यंत्राची भाषा बदलून कन्नड केली, की त्याच कळीवर कन्नडचा क येतो. शिफ्ट दाबली, की दोन्हीकडे ख. 'एल' वर त, शिफ्टसह थ. 'एच' वर प, शिफ्टसह फ. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. 'डी' ची कळ म्हणजे अक्षराचा पाय मोडणारा हलन्त. क, हलन्त, य असे दाबले की मराठीत 'क्य' होतो. कन्नडमध्ये त्याच तीन कळांनी तोच य ओत्तक्षर होऊन क च्या खाली उतरतो. अर्थात्, ज्या मुलाने मराठीची कळपट्टी बोटांत बसविली, त्याच्या बोटांना कन्नडही आले. आता फक्त डोळ्यांनी लिपी ओळखावयाची राहिली, आणि ती तो शाळेत शिकलेलाच असतो. दोन भाषांच्या भांडणात वाढलेल्या आमच्या मुलांना दोन्ही भाषा एकाच कष्टात मिळतात, ही गोष्ट थोडी नव्हे.

ह्यात एक अडचण आहे, ती लपवीत नाही. कर्नाटकाच्या सरकारी कचेऱ्यांत 'नुडी' ह्या प्रणालीचा प्रघात आहे आणि तिची कळपट्टी के. पी. राव ह्यांच्या मांडणीवर आधारलेली, म्हणजे वेगळी, आहे. ज्यास कर्नाटकात सरकारी नोकरी करावयाची आहे त्याने ती पुढे स्वतंत्रपणे शिकावी. उर्दूचा तर प्रकारच निराळा. ती उजवीकडून डावीकडे चालते आणि इनस्क्रिप्टच्या ह्या कुटुंबात बसत नाही. परंतु दहा बोटे एकदा वळणावर आली, की नवी कळपट्टी शिकण्यास पहिल्याएवढे दिवस लागत नाहीत.

मराठी लिहिताना युनिकोडच वापरावे, हे विद्यार्थ्यांनी मनाशी पक्के करावे. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला कागद दुसऱ्या यंत्रावर उघडला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. एकदा सबंध वर्गाची यादी आम्हांस अशा तऱ्हेने पुन्हा लिहावी लागली. शुद्धलेखनाचीही येथे परीक्षा होते. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ह्यांत एका कळीचा फरक आहे. साधा र घेतला तर गुरुवर्य येतील, आणि शिफ्ट दाबून ऱ घेतला तर स्वयंपाकी. समारंभाची पत्रिका लिहिणाराने हे ध्यानात ठेवावे.

टायपिंगनंतर काय? आमचे उत्तर, हिशेबाचा तक्ता. ज्याला सगळे एक्सेल म्हणतात तो. लिब्रेऑफिस ह्या नावाने तसेच साधन विनामूल्यही मिळते, आणि जुन्या, दुसऱ्या हाताच्या यंत्रावर ते नीट चालते. परंतु तक्ता शिकावयाचा तो पुस्तकातील "राम, शाम ह्यांचे गुण" बेरजेला घालून नव्हे. घरातला खरा हिशेब घ्यावा.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीची आई निकालानंतर भेटावयास आली. ती घरी विड्या वळते. म्हणाली, "सर, एक वरीस घरात बसली तर काय बिघडतंय? तवर माझ्यासंगं विड्या वळंल." आम्ही तिला नाही म्हटले नाही, घरची स्थिती आम्हांस ठाऊक होती. एवढेच म्हटले, "बसू दे, पण रोज दोन तास तिला आमच्याकडे पाठवा, आणि पुढच्या जूनमध्ये ती बी. कॉम. ला जाईल असे आताच कबूल करा." आई थोडा वेळ गप्प बसली, मग हो म्हणाली. मुलीने तीन महिन्यांत कळपट्टी बसविली. मग तिने आईच्या कामाचा तक्ता मांडला: तारीख, मिळालेली पाने, मिळालेला तंबाखू, वळलेल्या विड्या, नापास म्हणून काढलेल्या विड्या, हाती आलेली मजुरी. बेरजेचे व टक्केवारीचे सूत्र एकदा घातले, की पुढे फक्त आकडे भरावयाचे. दिवाळीपर्यंत त्या तक्त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या आठवड्यात पाने खराब येत, त्या आठवड्यात हजाराची भरती होत नसे, आणि बाजारातून आणलेल्या पानांचे पैसे आईच्या मजुरीतून जात. आईला हे पूर्वीही कळत होते. पण तिच्या बोलण्याला कोणी विचारीत नव्हते. कागद पुढे ठेवल्यावर पाने मोजून मिळू लागली. मजुरी काही वाढली नाही, गळती तेवढी थांबली. त्या मुलीने जूनमध्ये प्रवेश घेतला. मुलीला शिकविण्याविषयी तिची आई आता आम्हांस प्रश्न विचारीत नाही. धाकटीसाठी यंत्र मोकळे केव्हा असते, एवढेच विचारते.

ज्यांचा कल गणिताकडे आहे त्यांनी ह्याच वर्षात एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेचा श्रीगणेशा करावा. एकच भाषा घ्यावी. पायथॉन घेतली तर उत्तम, ती वाचावयास सोपी आहे. मुंबईच्या आय. आय. टी. ने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे पाठ तयार केले आहेत. एकेक पाठ सुमारे दहा मिनिटांचा, पैसे न लागणारा, आणि त्यांपैकी पुष्कळ पाठ मराठीत व कन्नडमध्येही ऐकावयास मिळतात. त्याहून वरच्या पायरीसाठी केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. घरी यंत्र नसेल तर ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चौकशी करावी. कर्नाटकात अनेक ठिकाणी 'अरिवु केंद्र' ह्या नावाने तेथे संगणक ठेवले आहेत.

२०२२ च्या अखेरीपासून आणखी एक नवल आले आहे. प्रश्न टाकावा, आणि प्रोग्रॅम लिहून मिळावा! ह्या साधनांस आम्ही वाईट म्हणत नाही. आम्हीही त्यांस प्रश्न विचारतो. परंतु शिकणाराच्या हाती ती म्हणजे गणिताच्या गाईडासारखी आहेत. आधी स्वतः अर्धा तास झगडावे, मग उत्तर पाहावे, आणि मग ते झाकून पुन्हा लिहावे. आमच्या टायपिंगच्या गुरुजींचे कापड येथेही कामास येते.

प्रमाणपत्रांविषयी आमचे मत थोडे कडू आहे. पालकांस प्रमाणपत्र हवे असते, कारण ते भिंतीवर लावता येते. महाराष्ट्रात नोकरी पाहणारास एम. एस.-सी. आय. टी. उपयोगी पडते, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा तो अभ्यासक्रम आहे, आणि ज्यास कोल्हापूरकडे जावयाचे आहे त्याने तो जरूर करावा. पण एका वर्षात पाच वर्गांची पाच प्रमाणपत्रे घेऊन आलेला एक मुलगा आम्ही पाहिला. त्यास आम्ही एक अर्ज टाइप करावयास सांगितला, तर तो मान खाली घालून एका बोटाने अक्षरे टिपू लागला. फी भरण्यापूर्वी पालकांनी वर्गात जाऊन एकच गोष्ट पाहावी: प्रत्येक मुलाला रोज यंत्रावर स्वतः किती वेळ बसावयास मिळते.

आता नियमांचे थोडेसे. खंड पडलेल्या वर्षाबद्दल प्रवेशाच्या वेळी पुष्कळ ठिकाणी प्रतिज्ञापत्र मागतात. ते आधी करून ठेवावे. जे. ई. ई. मेन बारावीच्या वर्षी व त्यापुढील दोन वर्षे देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. महाराष्ट्रातील तांत्रिक प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे; तिचे दाखले मिळविण्यास वेळ लागतो, आणि मोकळ्या वर्षात तो वेळ मिळतो. शिष्यवृत्ती घेणारांनी, विशेषतः विडी कामगारांच्या मुलांनी, खंड चालतो की नाही हे वर्ष थांबण्यापूर्वीच विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

आणि मुलींच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी पुढील प्रवेशाचा शब्द दिल्याखेरीज मुलीचे वर्ष थांबवू नये. शब्द मिळत नसेल, तर मिळेल त्या शाखेत तिला ताबडतोब घालावे आणि संगणक सायंकाळी शिकवावा. मुलाचे चुकलेले वर्ष भरून काढता येते. मुलीचे चुकलेले वर्ष भरून काढू देणारी घरे आमच्या पाहण्यात फार थोडी आहेत.

वर्ष थांबावयाचेच असेल, तर पुढील अर्जांच्या तारखा पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लाल शाईने लिहाव्यात आणि ते कॅलेंडर आईच्या नजरेसमोर, स्वयंपाकघरात लावावे. आमच्या शाळेतील यंत्रे शनिवारी दुपारी मोकळी असतात. ट्रस्टच्या सभासदांपैकी ज्यांच्या मुलामुलींस कळपट्टी बसवावयाची आहे त्यांनी अवश्य पाठवावे. कापडाचा तुकडा तेवढा घरून आणावा.