घटक ४ : अर्थपरिवर्तन – ‘नाइस’ या विशेषणाचा अभ्यास

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘नाइस’ या इंग्रजी विशेषणाची व्युत्पत्ती व अर्थप्रवास सांगता येईल.
• अर्थोत्कर्ष व अर्थविस्तार या संकल्पना उदाहरणाने स्पष्ट करता येतील.
• अनुवाद करताना संदर्भानुसार मराठी प्रतिशब्द निवडता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, शब्दाचे रूप टिकून राहते, पण त्याचा अर्थ पालटतो, हे आपण मागील घटकात पाहिले. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू. पुढे तो केवळ हरिण झाला. ‘तेल’ मूळचे तिळाचे. आज ते शेंगदाण्याचेही असते. ‘नाइस’ या शब्दाचा प्रवास याहून अधिक वळणांचा आहे.

४.३ व्युत्पत्ती
या शब्दाचे मूळ लॅटिन ‘नेसिअस’ या शब्दात आहे. त्यात ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’पासून आला. आपल्या ‘अज्ञ’ या शब्दाची घडण नेमकी अशीच आहे : अ + ज्ञ. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द सुमारे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ या अर्थाने.

४.४ अर्थप्रवास
पुढील बदलांचा क्रम साधारणपणे असा मांडला जातो : मूर्ख – बुजरा – फाजील चोखंदळ – सूक्ष्म, काटेकोर – आल्हाददायक. चोखंदळ माणूस बारीकसारीक भेद ओळखतो, म्हणून त्या भेदालाच ‘नाइस’ म्हटले जाऊ लागले. चोखंदळाला जे रुचते तेही ‘नाइस’ ठरले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘छान’ हा अर्थ रूढ झाला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत जेन ऑस्टिनने हेन्री टिल्नी या पात्राकडून या शब्दाच्या सैल वापराची थट्टा करविली आहे. निंदाव्यंजक शब्द प्रशंसाव्यंजक झाला, हा अर्थोत्कर्ष; तो कशालाही लागू होऊ लागला, हा अर्थविस्तार. मात्र विस्तारासोबत शब्दाची धार बोथट झाली. याउलट ‘सिली’ हा शब्द मूळचा ‘धन्य, सुखी’ या अर्थाचा. तो ‘खुळा’ झाला. हा अर्थापकर्ष होय.

४.५ उपयोजन
‘नाइस’साठी सर्वत्र ‘छान’ हा प्रतिशब्द योजणे पुरेसे नाही. हवा प्रसन्न असते, माणूस भला असतो, पदार्थ रुचकर असतो. कायद्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ‘नाइस डिस्टिंक्शन’ असे आल्यास तो ‘छान फरक’ नव्हे, तर ‘सूक्ष्म भेद’ होय. येथे जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. तो न ओळखल्यास संपूर्ण विधानाचा अर्थ बिघडतो. तसेच ‘नाइस मेस’ या प्रयोगात उपरोध असतो. मराठीत आपण ‘चांगलाच घोळ घातलास’ म्हणतो, तसा. चौदाव्या शतकातील इंग्रजी मजकूर वाचताना मात्र हा शब्द स्तुतिपर समजू नये.

येथे आणखी एक दक्षता घ्यावी. मुळात ‘अज्ञ’ असा अर्थ होता, म्हणून आज कुणाला ‘नाइस’ म्हणणे अपमानकारक ठरत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते. त्याचा प्रचलित अर्थ समाजाचा वापर ठरवितो.

४.६ सारांश
‘नाइस’ हा शब्द अज्ञानाकडून सूक्ष्मतेकडे व तेथून आल्हादाकडे आला. शब्दाचा अर्थ काळ व संदर्भ यांच्या आधारे निश्चित करावा लागतो.

४.७ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. ‘नाइस’ व ‘अज्ञ’ यांच्या घडणीतील साम्य स्पष्ट करा.
२. ‘नाइस’ व ‘सिली’ यांच्या अर्थपरिवर्तनाची दिशा कशी भिन्न आहे?
३. ‘व्युत्पत्तीचा अर्थ हाच खरा अर्थ’ या मताचे परीक्षण करा.
४. जुन्या मराठीत ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. आजच्या ‘बरा’ या शब्दाच्या अर्थाशी त्याची तुलना करा.