संप्रेरकांचे शास्त्र आणि ‘रिपीट’चा हट्ट

नीटचा निकाल लागला की बिलोली, नायगाव, देगलूर या पट्ट्यातील पालकांकडून दरवर्षी एकच प्रश्न येऊ लागतो, तो म्हणजे मुलांना ‘हार्मोनचा डॉक्टर’ करायचे आहे, पण गुण कमी पडले, तर रिपीट लातूरला करावे की नांदेडला. या ओढीचे कारण उघड आहे. घराघरांत थायरॉईडची गोळी आणि साखरेची तपासणी पोहोचली असून, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक असल्याचे आढळले. आजार वाढले म्हणजे त्यांचे डॉक्टर लागणार, इथपर्यंतचा विचार बरोबर आहे. त्यापुढचा बहुतेक घरांत केलाच जात नाही.

ज्या ग्रंथींचा स्राव नलिकेतून न वाहता थेट रक्तात मिसळतो त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात, त्या स्रावातील संदेशवाहक द्रव्ये म्हणजे संप्रेरके, आणि त्यांच्या कमी-अधिक प्रमाणातून उद्भवणाऱ्या विकारांचा अभ्यास म्हणजे एंडोक्रायनोलॉजी. या विषयाचा तज्ज्ञ होण्यासाठी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांची एमडी आणि पुन्हा तीन वर्षांची डीएम असा साडेअकरा वर्षांचा क्रम असून, प्रत्येक टप्प्याच्या दारात देशपातळीवरची परीक्षा उभी आहे. पहिल्याच दारात तीन वर्षे घालवून मग हा क्रम सुरू करायचा, हा सल्ला देणाऱ्याने मुलाचे वय मोजलेले नसते. जीवरसायनशास्त्रातील पदवी, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, पुण्याची आयसर, परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, हे मार्ग माहितीतले आहेत आणि ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी ते जरूर चाचपावेत.

मात्र ज्या मार्गाकडे मराठवाड्यातील पालक पाहायलाही तयार नसतात, तो देगलूरमार्गे उदगीरला जातो. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे, राज्यातील हे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, आणि साडेपाच वर्षांची ही पदवी घेणाऱ्याला संप्रेरकांशी जितका रोजचा, हाताने करण्याचा संबंध येतो तितका माणसांच्या सामान्य डॉक्टरलाही क्वचितच येतो. म्हशीचा मुका माज हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बीजांडकोशातील चक्र चालू असते, परंतु माजाची बाह्य लक्षणे दिसत नाहीत, त्यामुळे रेतनाची वेळ हुकते, पुढच्या माजासाठी साधारण 21 दिवस थांबावे लागते आणि भाकड काळाचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. बीजांडकोशावरील पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन माज रोखून धरते, प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पक्व पीतपिंड विरघळवते, आणि मग दोन-चार दिवसांत जनावर माजावर येते. ही साखळी समजलेला पशुवैद्यक एका गोठ्याचे वर्ष वाचवू शकतो. कंधारची लाल कंधारी आणि लातूरची देवणी हे गोवंश याच भूमीचे आहेत, आणि त्यांच्या प्रजननाचा अभ्यास येथील मुलांनी नाही तर कोणी करायचा? पुढे पशुप्रजनन किंवा शरीरक्रियाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, इज्जतनगर व कर्नाल येथील राष्ट्रीय संस्था, लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी, अशा वाटा खुल्या होतात. ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांच्या शेतातील दुभती जनावरे मात्र याच डॉक्टरची वाट पाहत असतात. अर्थात, ज्याला जनावरांची भीती किंवा किळस वाटते त्याला येथे ढकलणे हाही तितकाच अन्याय ठरेल.

ढकलण्याच्या या सवयीविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. वासरू कासेला ढुसण्या देते तेव्हा गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवते आणि ती पान्हा सोडते; पण ती घाबरली तर अधिवृक्क ग्रंथीतील ॲड्रेनॅलिन तो पान्हा अडवते, म्हणजे गाय दूध चोरते. हे ओळखून गोठ्यात आरडाओरडा न करणारे पालकही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला रोज रात्री फोनवर सराव परीक्षेचे गुण विचारून धारेवर धरतात. दीर्घ ताण, अपुरी झोप आणि अर्धपोटी राहणे यांमुळे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि कित्येक मुलींची पाळी महिनोन्‌महिने येत नाही. याला आळस किंवा नाटक म्हणणे अज्ञान आहे, आणि ते लपवून दुसऱ्या रिपीटचे शुल्क भरणे हा त्या मुलीच्या आरोग्याशी केलेला खेळ आहे. अशा वेळी आधी डॉक्टरांची भेट घ्यावी, क्लासचा विचार नंतर करावा. पहिल्या पुनर्प्रयत्नात गुणांची मोठी झेप दिसली नसेल, तर दुसरा प्रयत्न मुलाने स्वतःहून मागितल्याशिवाय पालकांनी तो सुचवूच नये.

पशुवैद्यकीय प्रवेशासाठी केवळ नीट देऊन भागत नाही. विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत वेगळी असते, आणि एमबीबीएसच्या पुढच्या फेरीत नाव लागेल या आशेवर बसलेली अनेक कुटुंबे ती मुदत चुकवतात. निकालाच्या आठवड्यातच विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचावे, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर व अधिवास प्रमाणपत्र यांसाठी बिलोलीच्या तहसील कार्यालयातील कामे उरकून घ्यावीत, आणि शक्य असेल तर अर्ज भरण्यापूर्वी मुलाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक पूर्ण सकाळ उभे राहून काम पाहू द्यावे.