दुसऱ्यांचा कचरा आणि आपले नवे घर

वाचनासाठी : अनुवाद ६:१०-१२, लेवीय १४:३३-५३, २ इतिहास २९:१-१९, १ मक्काबी ४:३६-५१, मत्तय १२:४३-४५



घर घेणे ही आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट. त्यासाठी दागिने मोडले जातात, कर्ज काढले जाते, वीस-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतले जातात. शेवटी किल्ली हातात येते. दार उघडावे तर पोटमाळ्यावर ठासून भरलेल्या गोण्या, मोरीत गंजलेले डबे, कपाटांत जुनी औषधे, परसदारी फुटक्या कुंड्या आणि टायर. पूर्वीचे मालक गेले, पण त्यांचा पसारा मागेच राहिला. अशा वेळी आनंदाच्या जागी संताप येतो. ‘दुसऱ्यांची घाण आम्ही का काढायची?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर असतो.

हा प्रश्न पवित्र शास्त्राला नवा नाही. अनुवाद पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएली लोकांना सांगतो, की जी घरे तुम्ही भरली नाहीत, अशी चांगल्या वस्तूंनी भरलेली घरे तुम्हांला मिळतील. पण लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दुसरी बाजूही येते. त्याच वचनदत्त देशातल्या एखाद्या घराच्या भिंतींना चट्टे पडलेले असतील, तर काय करायचे याचे नियम तेथे दिलेले आहेत. वचनदत्त देशातही स्वच्छ घर मिळेलच असे नव्हते. आजच्या पाठात आपण हा विषय शास्त्राच्या आणि व्यवहाराच्या, अशा दोन्ही अंगांनी पाहू.

१. ताबा घेण्यापूर्वी

क्षमा हा ख्रिस्ती माणसाचा धर्म आहे, परंतु सावधपणा हाही सद्गुणच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याला ताबा द्यावयाचा असतो. करार करताना त्यात ‘रिकामा ताबा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. कोणते सामान राहणार आणि कोणते हलवले जाणार, याची यादी करावी. शेवटची रक्कम देण्यापूर्वी पुन्हा एकदा घर पाहून यावे. पोटमाळा, गच्ची, विहिरीचा काठ, परसदार या जागा लोक पाहत नाहीत आणि कचरा नेमका तेथेच असतो. एवढे केले तर पुढची भांडणे टळतात. न्यायाने मागून घेणे आणि नंतर मनात कुढत बसणे यांपैकी पहिले अधिक ख्रिस्ती आहे.

२. हिज्कीया राजाचे सोळा दिवस

हिज्कीया राजा गादीवर आला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याचा बाप आहाज याने मंदिराची दारे बंद करून टाकली होती. मुलाच्या वाट्याला आले ते बंद आणि अशुद्ध झालेले देवाचे घर. हिज्कीयाने काय केले? त्याने पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात दारे उघडली. याजकांना आणि लेव्यांना जमवून, आपल्या पूर्वजांनी चूक केली, हे त्याने स्पष्ट शब्दांत एकदा सांगितले आणि लगेच कामाला लावले. बापाच्या नावाने रडत बसला नाही आणि बापाची चूक झाकलीही नाही.

कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. याजक अगदी आतल्या भागात गेले. तेथील घाण त्यांनी अंगणात आणली. लेव्यांनी ती तेथून उचलून किद्रोन ओढ्यावर नेली. महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरुवात झाली, आठव्या दिवशी ते द्वारमंडपापर्यंत पोहोचले. आणखी आठ दिवस लागले आणि सोळाव्या दिवशी काम संपले. वल्हांडण सणाची नेमलेली तिथी तर चौदावी होती! शुद्ध झालेले याजकही पुरेसे नव्हते आणि लोकही जमले नव्हते. तेव्हा राजाने सण दुसऱ्या महिन्यात साजरा करण्याचे ठरवले.

यातून आपल्याला तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, काम वाटून घ्यावे. आतून बाहेर काढणारे वेगळे आणि बाहेरून वाहून नेणारे वेगळे असले, तर पसारा पुन्हा घरात फिरत नाही. दुसरी, आतून सुरुवात करावी. स्वयंपाकाची आणि झोपण्याची खोली आधी मोकळी करावी, म्हणजे कुटुंबाला टेकायला जागा होते. तिसरी, घाई करू नये. गृहप्रवेशाची तारीख एक महिना पुढे गेली, तरी देव रागावत नाही.

३. शरीराची काळजी

बंद घर उघडल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नये. सर्व खिडक्या उघडून घरात वारा खेळू द्यावा. उंदरांची विष्ठा दिसली, तर ती कोरडी झाडू नये. जंतुनाशक पाणी शिंपडून, ओली करून मगच उचलावी. नाकातोंडावर मास्क, हातांत रबरी मोजे आणि पायांत गमबूट असावेत. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाची लहानशी जखमही त्याला वाट देते. डबे, टायर, कुंड्या नुसत्या उपड्या करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात आणि पाण्याविना महिनोन्‌महिने टिकतात. अशी भांडी घासून धुवावीत. फरशी धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फोडू नयेत, ओले करून अख्खेच उतरवून घ्यावेत.

लेवीय पुस्तकात हाच धीर आहे. याजक पाहायला येण्यापूर्वी घर रिकामे करावे, मग ते सात दिवस बंद ठेवावे. चट्टे पसरले, तर तेवढेच दगड काढावेत, भिंती खरवडाव्यात, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. सगळे घर पाडायचे ते अगदी शेवटी, दुसरा उपाय नसेल तेव्हाच. ओल लागलेल्या भिंतीवर नुसता रंग मारून आशीर्वादासाठी फादरांना बोलावणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

४. काय फेकावे, काय ठेवावे, काय परत करावे

आहाज राजाने टाकून दिलेली मंदिराची भांडी हिज्कीयाच्या माणसांना सापडली. त्यांनी ती फेकली नाहीत. नीट करून, शुद्ध करून वेदीपुढे मांडली. सारेच भंगार भंगार नसते. सागवानी पाट, पितळेचे हांडे, दगडी पाटा-वरवंटा यांना अजून खूप आयुष्य असते. आपल्याला नको असेल, तर गरजूला द्यावे. मात्र जे आपण स्वतः वापरणार नाही इतके मोडके किंवा फाटके असेल, ते ‘दान’ म्हणून गरिबाच्या दारी नेऊ नये.

काही वस्तू मुळात आपल्या नसतातच. लग्नाचे फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले, शाळेची प्रशस्तिपत्रे, बँकेची कागदपत्रे, सोन्याची बाळी किंवा नोटांचे पुडके. आपण घर विकत घेतले, पूर्वीच्या कुटुंबाच्या आठवणी विकत घेतल्या नाहीत. अनुवाद पुस्तकाचा बाविसावा अध्याय सांगतो, की शेजाऱ्याची हरवलेली वस्तू सापडली, तर मालक येईपर्यंत ती सांभाळावी व त्याला परत करावी. देशाचा कायदाही हेच म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. जमिनीत पुरलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सातवी आज्ञा पोटमाळ्यावरही लागू आहे.

आणि ज्यांचा निर्णयच होत नाही अशा वस्तू? मक्काबी बंधूंपुढे हाच पेच होता. इसवी सनापूर्वी १६४ साली ते मंदिरात आले, तेव्हा अंगणात झुडपांचे रान माजले होते. विटाळलेली होमवेदी त्यांनी पाडली, पण तिचे दगड एकेकाळी देवाला वाहिलेले होते. ते फेकवेनात आणि वापरताही येईनात. तेव्हा एखादा संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते मंदिराच्या डोंगरावर एका जागी ठेवून दिले. आपणही एक खोका बाजूला ठेवावा, त्यावर तारीख लिहावी आणि पूर्वीच्या मालकांना कळवावे.

५. देवाधर्माच्या वस्तू

जुन्या ख्रिस्ती घरात मोडका क्रूस, तुटलेली रोझरी, वाळवी लागलेले बायबल किंवा हात निखळलेली मरियामातेची मूर्ती हमखास सापडते. कॅनन लॉच्या ११७१ व्या कलमाप्रमाणे पवित्र केलेल्या वस्तू खासगी मालकीच्या असल्या, तरी त्या आदराने हाताळाव्यात. अशा वस्तू जाळून राख मातीत पुरावी किंवा तुकडे करून, पायदळी येणार नाही अशा जागी पुराव्यात. झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्याव्यात. त्यांचीच राख राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला लागते.

घर इतरधर्मीयांचे असेल, तर त्यांच्या देवतांच्या तसबिरी, पोथ्या किंवा कुराण तितक्याच आदराने उचलून त्याच कुटुंबाला किंवा त्यांच्या धर्माच्या एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला सोपवावे. आपला अल्तार दुसऱ्याने कचऱ्यात टाकला, तर आपल्याला कसे वाटेल, एवढा एकच विचार पुरेसा आहे.

६. ‘गावाबाहेर’ म्हणजे कोठे?

लेव्यांना किद्रोन ओढा होता, लेवीय पुस्तकात ‘नगराबाहेरची जागा’ होती. आज आपल्या वसईत अशी रिकामी जागा उरली आहे काय? एका वाडीच्या बाहेर म्हणजे दुसऱ्या वाडीच्या आत. ज्या बावखलांच्या पाण्यावर आपल्या पूर्वजांनी केळी आणि पानवेली पिकवल्या, त्यांतच पुढे राडारोडा पडू लागला. आपले घर स्वच्छ व्हावे म्हणून बावखल बुजवणे म्हणजे कचरा काढणे नव्हे, तो शेजाऱ्याच्या नावावर करणे होय. जाळण्याचाही मार्ग नाही. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड करावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितले. प्लास्टिकचा धूर कोणाच्या तरी छातीत जातोच.

म्हणून घरातच ढीग वेगळे करावेत. कुजणारा कचरा झाडांच्या मुळाशी जावा. कागद, पत्रा, काच, प्लास्टिक भंगारवाल्याला द्यावे. ट्यूबलाइट, औषधे, रंग व कीटकनाशकांचे डबे वेगळे बांधून पालिकेच्या माणसाच्या हाती द्यावेत, कारण ट्यूबमध्ये पारा असतो. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. आपण निष्काळजीपणे बांधलेली पिशवी उद्या कोणीतरी उघड्या हाताने सोडणार आहे. मोलाने लावलेल्या माणसांना मोजे, मास्क आणि ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ‘वापरा आणि फेका’ या संस्कृतीविषयी बजावले आहे. तेथे केवळ वस्तूच नव्हे, माणसेही फेकली जातात.

७. जे सोडून गेले त्यांच्याविषयी

पसारा सोडून जाणारे सर्वच बेपर्वा नसतात. कोठे म्हातारा-म्हातारी एकटी राहत होती आणि मुले परदेशी होती. कोठे कर्जापायी घर घाईने विकावे लागले. वस्तू टाकून देणे अशक्यच होणे हा मनाचा आजारही असू शकतो. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. एखादी जुनी गोणी उपसताना अशा कुटुंबाची करुण कथा आपल्या हाती लागते. तिची टवाळी गावभर करू नये. उलट, त्या घरातल्या जिवंत आणि मृत अशा सर्वांसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हणावी.

८. झाडलेले पण रिकामे

प्रभू येशूने एका घराचा दाखला दिला आहे. घर झाडलेले होते, सजवलेलेही होते, पण रिकामे होते. म्हणून बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन परतला. स्वच्छता ही अर्धीच गोष्ट आहे. नहेम्याने (१३:४-९) मंदिराच्या कोठडीतून तोबीयाचे सामान बाहेर फेकले, कोठडी शुद्ध करून घेतली आणि लगेच तेथे पवित्र भांडी, अन्नार्पणे आणि धूप आणून ठेवले. आपल्या मोकळ्या झालेल्या खोलीत पहिल्या महिन्यात काय येते? नव्या वस्तूंचे खोके, की संध्याकाळची एकत्र रोझरी आणि पाहुण्यासाठी एक पाट? दुसऱ्यांचा पसारा उपसणाऱ्याने स्वतःच्या पोटमाळ्याकडेही पाहावे. एक दिवस आपल्या मुलांना तो उपसायचा आहे.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा समूहप्रार्थनेत चर्चा करावी)

१. मागच्या पिढीकडून आपल्याला कोणता ‘कचरा’ मिळाला आहे : जमिनीचा वाद, अबोला, कर्ज? हिज्कीयाप्रमाणे तो काढायला आपण कोठून सुरुवात करू?

२. आपल्या घरात दुसऱ्या कोणाची वस्तू पडून आहे काय? ती येत्या आठवड्यात परत करता येईल काय?

३. आपल्या वाडीत कचऱ्याने भरलेले बावखल कोणते? ते साफ करायला कोण कोण येईल?